वाळूखालचे पन्नास दिवस

फेब्रुवारी संपत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो. पहाटेची पुळण, उलटी धरलेली टोपली, मोबाईल उंच करून उभी असलेली माणसं, आणि ओल्या वाळूवरून वल्ही मारल्यासारखे पाय मारत समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्लं. खाली मजकूर, 'आज इतक्या पिल्लांना जीवदान'. मग बदामांचा पाऊस, जोडलेले हात, आणि कुणीतरी काकू लिहितेच, "कित्ती गोड!"

मलाही ती गोडच वाटतात. त्याबद्दल वाद नाही. माझं माहेर दापोलीचं, त्यामुळे कोकणातल्या कासवांचं कौतुक झालं की आपलंच झाल्यासारखं वाटतं. माझं भांडण आहे ते त्या आकड्याशी. इतकी अंडी सापडली, इतकी पिल्लं सोडली, इतके टक्के यश. बातमी तेवढीच, महोत्सवातला फलक तेवढाच, भाषणं तेवढीच. पिल्लू वाळूवर दिसतं ती दहा मिनिटं. त्याआधीचे पन्नासेक दिवस ते वाळूखाली असतं, आणि ते पिल्लू नर होणार की मादी, दांडगं होणार की मरतुकडं, हे बरंचसं त्या पन्नास दिवसांत तिथेच ठरतं. त्या दिवसांबद्दल आपण कुणी काही विचारतच नाही.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान मादी रात्री पुळणीवर येते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने थोपटते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं, २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला, आणि हळूहळू वनखात्याच्या मदतीने ते काम आंजर्ले, गुहागर असं किनाराभर पसरलं. गावातली मुलं 'कासवमित्र' झाली. ती पहाटे पुळण पालथी घालतात, मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधतात, अंडी काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत तसाच खड्डा करून पुरतात. हे काम ज्यांनी उभं केलं त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणाचा गैरसमज नको.

आता त्या खड्ड्याकडे वळू.

कासवाच्या घरट्याचा आकार अगदी सुरईसारखा असतो. वर अरुंद गळा, खाली फुगीर पोट. हे काही शोभेसाठी नाही. गळा अरुंद असल्यामुळे वरच्या तापलेल्या वाळूचा आणि रात्रीच्या गारव्याचा खाली एकदम परिणाम होत नाही. दीड फुटावर दिवसा-रात्रीचा फरक फार कमी उरतो. पोट फुगीर असल्यामुळे अंड्यांच्या मधून हवा खेळते. अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चिवट कागदासारखं असतं. त्यातून पाणी आत येतं, बाहेर जातं. प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. म्हणजे अंडं नुसतं वाळूत 'ठेवलेलं' नसतं, ते त्या वाळूशी सतत देवाणघेवाण करत असतं. वाळू कशी आहे, किती ओली आहे, किती तापली आहे, शेजारी काय कुजतंय, सगळ्याचा हिशेब आत लागतो.

यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट तापमानाची. समुद्री कासवांत आपल्यासारखी एक्स-वाय गुणसूत्रांची भानगडच नाही. अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव नर की मादी हे ठरलेलं नसतं. उबवणीचा जो एकूण काळ, त्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे पन्नास दिवस धरले तर साधारण सतराव्यापासून चौतिसाव्या दिवसापर्यंत, वाळू किती गरम आहे त्यावर ते ठरतं. सुमारे २९ अंशांच्या आसपास नर-माद्या मिसळ निघतात. दोनेक अंश खाली गेलं की बहुतेक सगळे नर, दोनेक अंश वर गेलं की बहुतेक सगळ्या माद्या. उष्णता वाढली की अ‍ॅरोमॅटेज नावाचं एक विकर जास्त कामाला लागतं, ते पुरुषी संप्रेरकाचं रूपांतर स्त्री-संप्रेरकात करतं, आणि अंडाशय तयार होतं. दोन-चार अंशांचा खेळ! आपण ताप मोजताना करतो तेवढा.

सरपटणाऱ्या प्राण्यांत असं होतं हे पहिल्यांदा १९६६ साली मादलेन शार्निए या फ्रेंच बाईंनी सेनेगलमध्ये एका सरड्याच्या बाबतीत दाखवलं. कासवांचा नंबर नंतर लागला. आपल्याकडच्या ऑलिव्ह रिडलेवर ओडिशात प्रियंबदा मोहंती-हेजमाडी यांनी काम केलं, त्यांचा लिंगनिश्चितीवरचा निबंध १९८६चा. (या बाई प्राणिशास्त्रज्ञ आणि शिवाय ओडिसी नर्तकी. मला अशी माणसं भेटली, निदान वाचनात जरी आली, तरी दिवस बरा जातो.)

ही गोष्ट मी एकदा घरी जेवताना सांगितली तर माझी आत्या भात कालवायची थांबली आणि म्हणाली, "म्हणजे ऊन वाढलं की सगळ्या मुलीच होणार? होऊ देत की. एवढी वर्षं उलटं चाललंय आपल्याकडे." सगळे हसले. पण आत्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. कासवांमध्ये एक नर अनेक माद्यांशी जुगतो. शिवाय मादी दोन-तीन वर्षांतून एकदा वीण करते, नर त्याहून जास्त वेळा विणीच्या जागी येतात. त्यामुळे माद्या काही पटींनी जास्त असल्या तरी ताबडतोब काही बिघडत नाही, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रश्न किती जास्त हा आहे. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या, मुख्यतः रेन बेटाच्या परिसरात जन्मलेल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. लहान कासवांत ९९.१ टक्के माद्या, त्याहून थोड्या मोठ्यांत ९९.८ टक्के, आणि पूर्ण वाढलेल्यांत ८६.८ टक्के. हे वयाच्या उलट्या क्रमाने वाचलं तर लक्षात येतं की गेली काही दशकं तिथली वाळू जवळजवळ फक्त माद्याच उबवते आहे. त्याच रीफच्या दक्षिणेकडच्या, थोड्या थंड किनाऱ्यांवरच्या कासवांत हे प्रमाण ६५ ते ६९ टक्के होतं. जात एकच, समुद्र तोच, वाळू वेगळी.

आणि वाळूचं म्हणाल तर रंगसुद्धा मोजावा लागतो. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर पांढऱ्या वाळूचेही किनारे आहेत आणि ज्वालामुखीच्या काळपट वाळूचेही. काळपट वाळूतली घरटी जास्त तापतात. आपल्या कोकणातही सगळ्या पुळणी एका रंगाच्या नाहीत, कुठे फिकट, कुठे चांगली काळसर. एका गावच्या हॅचरीतला अनुभव दुसऱ्या गावाला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, तो त्यामुळे.

लोक नर-मादीपाशी थांबतात, कारण ती बातमी चटपटीत आहे. मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

घरटं फार गरम असलं की पिल्लं लवकर बाहेर येतात. ऐकायला बरं वाटतं. पण लवकर येतात म्हणजे अंड्यातल्या बलकाचं शरीरात पुरतं रूपांतर व्हायच्या आत येतात. मग पिल्लू आकाराने लहान, आणि पोटाशी बलक जास्त शिल्लक. थंडसर, ओलसर घरट्यातलं पिल्लू सावकाश येतं, पण त्याची पाठ मोठी असते, पाय मोठे असतात. निरनिराळ्या जातींच्या पिल्लांवर झालेले प्रयोग साधारण हेच सांगतात की फार तापलेल्या घरट्यांतली पिल्लं वाळूवरून हळू चालतात, उताणी पडली तर सुलटी व्हायला जास्त वेळ घेतात आणि पाण्यातही कमी जोराने हात मारतात. खेकडे, कावळे, घारी आणि किनाऱ्याजवळचे मासे यांच्यातून वाट काढायची असेल तर हा फरक जीवघेणा आहे. तापमान दिवसेंदिवस ३४-३५ अंशांच्या वर राहिलं तर पिल्लं अंड्यातच मरायला लागतात. पण मरणाच्या अलीकडेही एक पट्टा आहे, जिथे पिल्लू जिवंत बाहेर येतं, फलकावरच्या आकड्यात धरलं जातं, टाळ्या घेतं, आणि समुद्रात त्याचा निभाव लागणं अवघड असतं. हा पट्टा आकड्यात दिसत नाही. माझी तक्रार आहे ती इथे.

ओलाव्याचंही तसंच. वाळू ओलसर असेल तर अंडं पाणी शोषून फुगतं, पिल्लू चांगलं पोसतं, शिवाय ओली वाळू थंड राहते. फार कोरडी वाळू अंड्यातलं पाणी ओढून घेते. पण ओलं म्हणजे चिंब नाही. उधाणाचं पाणी घरट्यावर येऊन थांबलं की वाळूच्या कणांमधली हवा जाते आणि अंडी गुदमरतात. शेवटच्या आठवड्यांत तर शंभर जीव एकाच खड्ड्यात जोरात श्वास घेत असतात. त्यांच्याच अंगाच्या उबेने घरट्याचा मधला भाग आजूबाजूच्या वाळूपेक्षा गरम होतो. कडेच्या अंड्याला मिळणारी परिस्थिती आणि मधल्या अंड्याला मिळणारी परिस्थिती एकसारखी नसते. एकाच आईची, एकाच रात्रीची, एकाच खड्ड्यातली भावंडं! (एकाच घरात वाढलेल्या आम्हा बहिणींचं बघा. असो.)

गर्दीचं टोक बघायचं असेल तर कोस्टा रिकातला ओस्तियोनालचा किनारा. तिथे ऑलिव्ह रिडले काही रात्रींत हजारोंच्या संख्येने एकदम येतात, आपल्या ओडिशातल्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्यासारखं. मागून आलेल्या माद्या आधीच्यांची घरटी उकरतात, फुटलेली अंडी वाळूत कुजतात, जीवाणू माजतात, ते वाळूतला प्राणवायू खाऊन टाकतात आणि उष्णताही वाढवतात. त्यामुळे तिथे अंडी उबण्याचं प्रमाण फार कमी असतं. १९८७ पासून तिथल्या गावकऱ्यांना अशा आगमनाच्या सुरुवातीच्या दिवसांतली काही अंडी कायदेशीर नेऊ देतात, कारण ती बहुतेक उकरली जाणारच असतात. आपल्या कोकणात अशी झुंबड होत नाही, एकेकटी मादी येते. पण हॅचरी म्हणजे आपण माणसांनी केलेली झुंबडच की. दहा-वीस किंवा त्याहून जास्त घरटी एका कुंपणात. दोन घरट्यांत मीटरभर अंतर ठेवायचं, दरवर्षी जागा बदलायची किंवा वाळू बदलायची, फुटलेली अंडी काढून टाकायची, हे नियम त्यासाठीच आहेत. 'मागच्या वर्षीच्याच जागी घालू, कुंपण तयारच आहे' हा विचार सोयीचा आहे, पण अंड्यांना तो मानवत नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. मादीच्या पोटात असताना अंड्यातली वाढ थांबलेली असते, कारण तिथे प्राणवायू जेमतेम असतो. अंडं बाहेर पडून हवा लागली की काही तासांत वाढ पुन्हा सुरू होते आणि आतला गर्भ वरच्या बाजूने कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरवलं, उलटं झालं, तर तो चिकटलेला भाग फाटतो आणि सगळं संपतं. म्हणून घरटं हलवायचंच तर लवकर, आणि हाताने एकेक अंडं न फिरवता. कासवमित्र पहाटे अंधारात का उठतात, याचं हे एक कारण. पर्यटकांच्या मुलांना 'बघ बघ' म्हणून अंडं हातात देणारा मी पाहिला आहे. कुठे ते लिहीत नाही, पण तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

तुम्ही म्हणाल, हॅचरीमुळे एवढे फरक पडतात याला पुरावा काय? पुरावा जुना आहे. सत्तरच्या दशकात अनेक देशांत कासवाची अंडी थर्माकोलच्या खोक्यांत उबवायची पद्धत होती. सुरक्षित, स्वच्छ, मोजायला सोपी. ती खोकी किनाऱ्यावरच्या वाळूपेक्षा थोडी थंड राहत. १९८२ साली निकोलस म्रोसोव्स्की यांनी सुरिनामच्या कासवांबद्दल, आणि त्याच वर्षी 'सायन्स' नियतकालिकात दुसऱ्या एका गटाने कोस्टा रिकाच्या कासवांबद्दल लिहून सावध केलं की अशा पद्धतीने आपण भलतेच नर तयार करत असू. हेतू शंभर टक्के चांगला, मेहनत खरी, पिल्लांचा आकडा उत्तम, आणि तरीही. मेक्सिकोच्या रांचो न्युएवोच्या किनाऱ्यावरून केम्प्स रिडले या अतिदुर्मीळ कासवाची अंडी १९७८ ते १९८८ या काळात टेक्सासच्या पाद्रे बेटावर नेऊन अशाच खोक्यांत उबवली गेली. सुरुवातीच्या वर्षांत नर जास्त निघाले. लक्षात आल्यावर तापमान वाढवलं, मग माद्या निघू लागल्या. या अशा गोष्टी लक्षात यायला वेळ लागतो, कारण पिल्लाकडे बघून नर-मादी ओळखताच येत नाही. मोठेपणी नराची शेपटी लांब होते तेव्हा कळतं, आणि मोठं व्हायला कासवाला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात.

आता हेच आपल्या हॅचरीला लावून बघा. कुणी उन्हाचा त्रास नको म्हणून वर हिरवी जाळी ताणतं. कुणी झावळ्या टाकतं. कुणी सुरूच्या बनाला लागून कुंपण घालतं, कुणी उघड्यावर. कुणी खड्डा सव्वा फूट करतं, कुणी पावणेदोन. यातली प्रत्येक गोष्ट वाळूचं तापमान अंशा-दोन अंशांनी हलवू शकते. म्हणजे जाळी बांधणारा गावातला पोरगा, त्याला कल्पनाही नसताना, त्या घरट्यातून मुलगे बाहेर येणार की मुली हे ठरवत असतो. ज्या राज्यात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर त्याविषयी पाटी लावावी लागते, तिथे हे जरा गमतीचंच आहे. पण जाळी वाईट असं मी म्हणत नाही. डिसेंबरातली घरटी मुळात थंड असतात, त्यांच्यावर सावली धरली तर ती आणखी थंड. मार्चमधली घरटी एप्रिलच्या उन्हात भाजतात, तिथे सावली हवीच असेल. एकच जाळी, दोन महिन्यांच्या अंतराने वेगळं काम करते. ती कधी ताणायची हे अंदाजाने ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

माझा एक चुलतभाऊ कासवमित्र आहे. त्याच्याशी माझा यावरून फोनवर चांगला अर्धा तास वाद झाला. तो म्हणाला, "ताई, तू पुण्यात बसून तापमानाचं सांगतेस. इथे रात्री कोल्हा अंडी खातो, उधाणाला अर्धी पुळण वाहून जाते. आधी अंडी वाचू देत, मग बघू मुलगा की मुलगी." त्याचं बरोबर आहे. वाचलेलं कोमट अंडं हे खाल्लेल्या आदर्श अंड्यापेक्षा कधीही बरं. जिथे कोल्हे-कुत्र्यांचा उपद्रव आहे, जिथे किनारा खचतो आहे, तिथे अंडी हलवलीच पाहिजेत. पण जिथे मादीने स्वतः निवडलेली जागा भरतीरेषेच्या वर आहे, गाव जागं आहे आणि रात्री कुणी राखण करू शकतं, तिथे घरटं आहे तिथेच ठेवून वरून जाळीचा पिंजरा पुरावा, असं मला वाटतं. तिला त्या जागेत काय दिसलं ते आपल्याला सांगता येत नसेल, पण हजारो वर्षांचा अनुभव तिच्या बाजूने आहे. सगळी घरटी एकाच कुंपणात आणणं म्हणजे सगळ्या पिल्लांना एकच हवामान देणं. किनाऱ्यावर पसरलेल्या घरट्यांत कुणी सावलीत, कुणी उन्हात, कुणी ओलीत असतं, त्यामुळे एखादं वर्ष वाईट गेलं तरी सगळ्यांचं सारखंच वाईट होत नाही.

आणि सोडण्याच्या वेळेचं तर बोलायलाच हवं. पिल्लं वाळूखाली एकत्र अंडी फोडतात, एकत्र खणत वर येतात. भावंडं जास्त असतील तर प्रत्येकाला खणायचे कष्ट कमी पडतात, हे मोजून दाखवलेलं आहे. वरची वाळू गार झाली की बाहेर पडतात, म्हणून बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. पोटाशी उरलेला बलक हीच त्यांची शिदोरी, आणि बाहेर आल्याबरोबर अंगात जो चेव असतो तो साधारण दिवसभर टिकतो. त्या दिवसात किनाऱ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं असतं. पिल्लं काही तास टोपलीत अडकवून ठेवली तर ती आतल्या आतच पाय मारत राहतात आणि मग पोहण्याचा वेग कमी होतो, हे मलेशियात हिरव्या कासवांच्या पिल्लांवर २००१ साली दाखवलं गेलं आहे. मी एका किनाऱ्यावर सकाळी सातला निघालेली पिल्लं संध्याकाळपर्यंत टबात ठेवलेली पाहिली, कारण मुंबईची बस दुपारी पोहोचणार होती. पिल्लं पाहायला मिळाली म्हणून बसमधली मंडळी खूश झाली. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बस चुकली तर चुकू दे.

माझ्या मागण्या फार नाहीत. महागडी यंत्रं मिळाली तर उत्तमच, काही ठिकाणी ती वापरतातही. पण नसली तरी प्रत्येक हॅचरीत एक गोष्ट आधीच असते, ती म्हणजे तारखा. घरट्यावरच्या पाटीवर अंडी घातल्याची तारीख आणि संख्या लिहिलेली असते, पिल्लं निघाली ती तारीखही वहीत असते. या दोन तारखांमधले दिवस हा फुकटचा थर्मामीटर आहे. पंचेचाळीस दिवसांत फुटलेलं घरटं गरम होतं, साठ दिवस घेणारं थंड. गावोगावच्या वह्या एकत्र लावल्या तर कुठली हॅचरी किती तापते, कुठल्या महिन्यात तापते, हे बऱ्यापैकी कळेल. महोत्सवाच्या फलकावर 'सोडलेली पिल्लं' याच्या शेजारी 'सरासरी किती दिवसांत' हा एक रकाना वाढवायला खडूच तर लागतो. शाळेच्या सहलींना तर हेच आधी दाखवावं. मुलं फटाफट गणित करतील आणि विचारतील, इकडची लवकर का आली?

ह्या मार्चमध्ये तुमच्यापैकी जे कुणी वेळासला किंवा आंजर्ल्याला जाणार असतील त्यांनी जरूर जा. घरगुती राहायची सोय छान होते, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. पिल्लं दिसलीच पाहिजेत असा हट्ट धरू नका. ती वाळू गार झाल्यावर येतात, आपण पैसे भरल्यावर नाही. फ्लॅश मारू नका. आणि कासवमित्राला दोन प्रश्न विचारा, घरटं किती खोल आहे आणि किती दिवस झाले. त्यांना असं विचारणारं माणूस आवडतं, माझा स्वतःचा अनुभव आहे.

चुलतभावाने आमच्या वादानंतर एक साधा मातीत खुपसायचा थर्मामीटर आणला. कोल्ह्याचं त्याचं म्हणणं अजून कायम आहे. पण गेल्या हंगामात एकाच रात्री सापडलेली दोन घरटी त्याने हॅचरीत पुरली, एक सुरूच्या सावलीच्या अंगाला, एक मोकळ्या बाजूला. सावलीतलं तीन-चार दिवस उशिरा फुटलं. "नुसत्या सावलीने एवढं?" असं तो मलाच विचारत होता. त्याने ते वहीत लिहून ठेवलंय, आणि या वर्षी खोलीचाही रकाना पाडलाय.